गायकाच्या पँटची शिवण

तिला सगळे टाचणी म्हणायचे. काम करताना ओठांत दोन-चार टाचण्या धरायची सवय, म्हणून हे नाव पडलं, असं ती सांगायची. गिऱ्हाइकांचं मत वेगळं होतं. टाचण्या तोंडातून काढल्यावर ती जे बोलायची त्यावरून ते पडलं, असं गिऱ्हाइकं आपसांत म्हणत.

औषधाच्या दुकानाला लागून, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत तिचं दुकान होतं. नवीन कपडे ती शिवत नसे. कंबर सैल करणं, उंची कमी करणं, जॅकेटची चेन बदलणं, कोटाचं लोंबणारं अस्तर जोडणं, असली दुरुस्तीची कामं. एक साधं मशीन, एक चामड्याचं आणि जाड कापडाचं. उसवलेल्या कपड्यांतून काढलेल्या चेनांनी भरलेला पत्र्याचा डबा. आणि फळीवर झाकण तुटलेला टेपरेकॉर्डर. त्यावर दिवसभर एकाच बँडची गाणी लागत. बँडचं नाव 'गंजका पत्रा'. लागत तीही पहिल्या तीन अल्बमांतलीच. चौथ्यापासून पुढचं त्या दुकानात कधी वाजलं नाही.

एखादं गिऱ्हाईक सहज म्हणून जाई, "अरे वा, मलाही हे आवडतात." टाचणी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचायची आणि विचारायची, "कितव्यापर्यंत?" तिसऱ्यापर्यंत म्हणणाऱ्याचं काम ती त्याच दिवशी करून द्यायची. चौथ्यापर्यंत म्हणणाऱ्याकडे बघून नाक मुरडायची. सगळेच आवडतात म्हणणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला तिनं पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात परत पुढच्या.

पहिला अल्बम 'काजळी'. चार माणसं बंद शेडमध्ये भांडतायत असा त्याचा आवाज, आणि तिच्या मते तसाच तो हवा. दुसरा 'उंदीर', त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. देवाबद्दल माणूस जसं कमी बोलतो तसं. तिसरा 'वरचा मजला' अर्धा चांगला. त्यानंतर त्यांनी आपल्या ड्रमवाल्याला काढलं आणि कीबोर्ड आणला. चौथा अल्बम म्हणजे नुसता साबणाचा फेस. पाचव्यात लहान मुलांचा कोरस होता. "लहान मुलं, आणि गंजक्या पत्र्यात?" ती म्हणायची. "धनुर्वात होईल की." सहावा, सातवा, आठवा यांचा हिशेब ती हाताच्या एका झटक्यात संपवायची. नवव्यात त्यांनी आपलीच जुनी गाणी व्हायोलिन लावून परत म्हटली होती. "बापाचा कोट फाडून उशा शिवल्यात," एवढं बोलून ती परत टाचण्या तोंडात धरायची.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या थोरल्या भावामुळे. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. घरात वडील, दादा आणि ती. वडील कारखान्यातून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. रागावलेले नसत, फक्त बोलायचे नाहीत. त्या घरात दादानं एक दिवस 'उंदीर'ची कॅसेट आणली. त्यात 'भाडेकरू' नावाचं गाणं होतं. स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखा दबकून वावरणारा माणूस, कप ठेवतानाही आवाज होऊ न देणारा. दादाला लवकरच दुसऱ्या गावी नोकरी लागली, कॅसेट मागे राहिली. एका संध्याकाळी तिनं आवाज अगदी बारीक करून ते गाणं लावलं होतं. गाणं संपलं आणि भिंतीकडे तोंड केलेले वडील म्हणाले, "परत लाव."

तिनं परत लावलं. वडील आणखी काही बोलले नाहीत. पुढे तेही गेले. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय? दोन शब्द.

तिनं पाहिलेला बँडचा पहिला कार्यक्रम एका बंद पडलेल्या गोदामात होता. मध्येच वीज गेली, गिटारी मुक्या झाल्या, आणि ड्रमवाला अंधारात एकटाच वाजवत राहिला. लोक पायांनी ताल धरत होते, जमीन हलत होती. नंतरचे कार्यक्रम खुर्च्या मांडलेले. एकदा गायकानं स्टेजवर येऊन "कसं काय मंडळी" म्हणत शेजारच्याच गावाचं नाव घेतलं, आणि लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली की पुन्हा म्हणून जाणार नाही. नवरा दुधाची गाडी चालवायचा, त्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं तो मान्यही करायचा. "बरं," तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी मुकाट्यानं तिला पोचवून आला.

तर हा बँड परत गावात आला होता. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दुकानासमोर गाडी थांबली आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेली एक बाई घाईघाईनं आत आली. बँडचे कपडे ती सांभाळायची. गायकाची चामड्याची पँट मागून उसवली होती, दुसरी आणलेली नव्हती, आणि चामड्याचं मशीन असलेलं हेच एक दुकान तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"पँट ठेवून जा," टाचणी म्हणाली.

"ती त्यांच्या अंगावर आहे," बाई म्हणाली. "निघत नाहीये."

टाचणीनं दुकान बंद केलं. मशीन उचलून नेणं शक्य नव्हतं, म्हणून चामड्याच्या सुया, चामड्याचे तुकडे, मेण लावलेला दोरा, कात्री असं पिशवीत भरून ती गाडीत बसली. नवऱ्याला फोन करून कुठे चाललेय ते सांगितलं तर तो इतका हसला की तिनं फोन ठेवून दिला.

सभागृहाच्या मागच्या खोलीत घाम, केसांवर मारायचा फवारा आणि शिळ्या सँडविचचा वास एकत्र कोंडला होता. गायक आरशासमोर उभा होता. केसांचा काळा रंग ओघळून मानेवर आला होता. तिनं आणि त्या बाईनं मिळून, भिजलेला मोजा उलटा काढावा तशी ती पँट त्याच्या अंगावरून सोलून काढली. मग तो पांढऱ्या पायमोज्यांत आणि चड्डीवर, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसला. पोटावर पँटच्या शिवणीचा लाल वळ उठला होता. इतकी वर्षं ज्याचा आवाज तिच्या फळीवर होता तो हा. तिला शिसारी आली, आणि तिनं मान खाली घालून काम सुरू केलं.

मागची शिवण पूर्ण उसवून, आतून नव्या चामड्याची पट्टी जोडायची होती. टाचण्या चामड्यात टोचत नाहीत, तरी सवयीनं तिनं दोन ओठांत धरल्या होत्या. गायक गप्पिष्ट निघाला. नववा अल्बम ऐकलात का, म्हणून त्यानं विचारलं. तिनं टाचण्या काढल्या.

"ऐकला. आवडला नाही."

तो मोठ्यानं हसला. मलाही नाही आवडला, म्हणाला, पण खपला. जुनं तेच नव्या बाटलीत भरून दिलं की लोक घेतात, आपण कशाला नाही म्हणायचं. तो अगदी मोकळेपणानं बोलत होता. तिनं वर्षानुवर्षं केलेली सगळी भांडणं त्यानं एका वाक्यात मान्य करून टाकली होती, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

तरी तिनं एक विचारलंच. "'भाडेकरू' तुम्हाला कसं सुचलं?"

"ते होय? ते त्या ड्रमवाल्यानं लिहिलंय," तो म्हणाला. "खरं सांगू, मला त्याचा अर्थ कधी लागला नाही. आपल्याच घरात माणूस भाडेकरू कसा असेल?"

का कोण जाणे, त्याला ते कळावंसं तिला वाटलं. सुई चालवता चालवता तिनं सांगितलं. आई गेल्यानंतरचं घर, भिंतीकडे तोंड करून पडलेले वडील, आणि ते "परत लाव". तो आरशात बघत भुवया विंचरत होता. "छान," तो म्हणाला. "फारच छान." मग त्या बाईला म्हणाला, "यांना एक फोटो दे." बाईनं गठ्ठ्यातला फोटो काढला, पेननं त्यावर झोकात त्याची सही ठोकली आणि तिच्या हातात दिला.

पँट चढवताना परत दोघी लागल्या. शिवण टिकेल ना, ही त्या बाईला धाकधूक, म्हणून तिनं टाचणीला कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभं राहायला सांगितलं. नाही म्हणावं असं तिला वाटलं, पण पाय तिथेच राहिले. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जवळून पाहणं बरं नव्हतं. दुसऱ्याच गाण्यात गायक स्टेजच्या कडेला आला आणि बाटलीतून पाणी प्याला, आणि तो पाणी पीत असताना त्याचा आवाज सभागृहात गातच होता. समोरचे लोक हात हलवत होते. टाचणीनं त्या बाईकडे पाहिलं. बाई मोबाईल बघत होती.

मग दिवे मंद झाले. व्हायोलिनवाले उभे राहिले. गायकानं माइक छातीशी धरला आणि आवाज खाली आणला.

"हे गाणं माझ्या वडिलांचं आहे," तो म्हणाला. "आई गेली आणि बाबांनी बोलणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एक दिवस मी हे गाणं वाजवत होतो. संपलं. आणि बाबा म्हणाले, परत लाव."

सभागृहातून एक सुस्कारा उठला. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती.

 टाचणीनं सुई कापडात खोवली, दोरा गुंडाळला, सगळं पिशवीत टाकलं. फोटो तिथल्याच एका स्पीकरवर पालथा ठेवला. ती निघालेली पाहून कपडे सांभाळणारी बाई धावत आली. मध्येच शिवण सुटली तर मी काय करू, म्हणाली.

"सुटणार नाही," टाचणी म्हणाली. "त्याच्या अंगावरचं तेवढंच एक खरं आहे."

बाहेर येऊन ती नवऱ्याची वाट बघत फुटपाथवर उभी राहिली. गाडीत तिनं त्याला सगळं सांगितलं. तो या वेळी हसला नाही. एवढंच म्हणाला, "मला तू बाबांचं हे कधी सांगितलं नाहीस." 

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते आहे तोच दादाचा फोन. कार्यक्रमातला तेवढा तुकडा कुणीतरी त्याला पाठवला होता, आणि तो पार हेलावून गेला होता. टाचणीचा दादा नऊच्या नऊ अल्बमांचा भक्त. तिच्या टीकेवरून दोघांची फोनवर नेहमी जुंपायची. "बघितलंस?" तो म्हणाला. "त्याचे वडील अगदी आपल्या बाबांसारखे गं. उगाच नाही ते गाणं आपल्या घरात शिरलं. आणि तू त्या माणसाला नावं ठेवतेस."

तिला वाटलं, गप्प बसावं. दादाचा आवाज भरून आला होता. पण गप्प बसली असती तर ती टाचणी कसली.

"दादा, ते त्याचे वडील नाहीत. आपलेच आहेत. काल मी सांगितलं त्याला."

आधी त्याला पटेना. तू कायम त्यांच्यावर डूख धरून असतेस, म्हणाला. मग तिनं ती संध्याकाळ सांगितली, कॅसेट कुठे ठेवली होती, बाबांनी कुठली चादर पांघरली होती, इथपासून. 

"बाबा असं म्हणाले होते?" त्यानं विचारलं. "आणि हे मला त्या माणसाच्या तोंडून कळावं?"

 गायकाची किळस आली होती ती आलीच होती, पण त्या क्षणी तिला स्वतःचीही आली. सख्ख्या भावाला जे कधी दिलं नाही, ते तिनं चड्डीवर बसलेल्या एका परक्या माणसाला शिवणीबरोबर फुकट देऊन टाकलं होतं.

गोष्ट पुढे बँडबरोबर गावोगाव फिरली. दादाच तिला तुकडे पाठवायचा. दर ठिकाणी ती थोडी फुगायची. एका ठिकाणी वडील आंधळे झाले, एका ठिकाणी गाणं ऐकताच त्यांनी प्राण सोडला. टाचणी एकेक ऐकायची आणि दादाला फोन करून शेलक्या शिव्या द्यायची, आणि दादाही आता तिच्या बरोबरीनं द्यायचा. शिव्या देऊन झाल्या की फोन लगेच ठेवला जात नसे. बाबा डब्यात काय न्यायचे, त्यांची चप्पल कुठल्या बाजूनं झिजायची, असलं काहीतरी निघायचं. इतकी वर्षं ते दोघं फक्त बँडवरून भांडले होते.

दुकानात मात्र 'उंदीर' वाजेनासा झाला. 'भाडेकरू' लागलं की तिला तो लाल वळ आणि ते पांढरे पायमोजे दिसत. गिऱ्हाइकांना तिनं कारण सांगितलं नाही.

सुट्टी काढून दादा तिच्याकडे आला तेव्हा पहिल्याच दिवशी दुकानात येऊन बसला. चहा झाल्यावर त्यानं फळीवरची 'उंदीर'ची कॅसेट काढली, तिच्याकडे पाहिलं. तू लाव, ती म्हणाली, मला नको. एक कोट घेऊन ती बाहेर पायरीवर जाऊन बसली आणि त्याचं अस्तर उसवू लागली. आत गाणं सुरू झालं, संपलं. थोडा वेळ काहीच नाही. मग परत सुरू झालं.

दुसऱ्यांदा संपल्यावर दादा बाहेर आला आणि तिच्या शेजारी टेकला. डोळे लाल होते.

"गायलंय वाईटच," तो म्हणाला. "ड्रम मात्र काय वाजवलेत."

"ड्रमला मी कधी नावं ठेवली?" टाचणी म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला.