डब्ब्यातले आवाज

पांढरकवड्यात विहाराच्या मागच्या गल्लीत प्रफुल्ल नगराळेचं घर. लग्नाची शूटिंग करणारा माणूस. हायवेच्या दोन्ही अंगांच्या गावांत आणि बंजारा तांड्यांवर त्याच्या कॅमेऱ्यासमोरून गेली नाही अशी नवरी सापडणं कठीण. आधी तो लोकांना सीडी द्यायचा. पण मातीच्या घरात, फळीवरच्या धुळीत सीडी किती टिकणार? दोन पावसाळे गेले की तिच्यावर चरे पडायचे, आणि बाया रडकुंडीला येऊन प्रफुल्लच्या दाराशी उभ्या राहायच्या. कुणाचा बाप वारलेला असायचा, कुणाची सासू, आणि ते माणूस हसता-बोलताना शेवटचं दिसायचं ते त्या लग्नातच.

म्हणून प्रफुल्लने घरीच सर्व्हर बांधायला घेतला. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून मोठा कॅबिनेट आणला, नागपूरहून एकेक करत चार हार्ड डिस्क आणल्या, आणि इंटरनेटवर बघत, चुकत, पुसून पुन्हा मांडत सगळं जुळवलं. डिस्क अशा बांधल्या की एक मेली तरी उरलेल्या तीन तिचा भार उचलतील. दोन मेल्या तर मात्र सगळंच गेलं. आजवरची लग्नं, नामकरणं, तांड्यांवरच्या होळ्या, विहारातले कार्यक्रम त्याने त्यात भरले आणि वायफाय लावलं. तशी गल्लीतली माणसं आपापल्या टीव्हीवर आपलंच लग्न लावून बसू लागली. गल्लीने त्या सर्व्हरला 'डब्बा' नाव पाडलं.

डब्ब्याची बडदास्त एखाद्या दुभत्या जनावरासारखी असायची. उन्हाळ्यात घरातला एकुलता कूलर त्याच्याकडे तोंड करून, आणि प्रफुल्लची बायको दीपा पदराने वारा घेत बसलेली. कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्यातला तंतू उडून पंख्यावर बसायचा, तो प्रफुल्ल जुन्या ब्रशने हळूहळू काढायचा.

त्याच डब्ब्यात त्याची माय होती. रुखमाबाई. ती लहान पोर असताना बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला नागपूरला गेली होती. थकली, बाजेवरून उठेना, तेव्हा प्रफुल्लने दुपारी तिच्यासमोर कॅमेरा ठेवून तिला बोलतं केलं. वाटेत काय खाल्लं, पांढरं लुगडं नेसलेली आजी कशी दिसली, घरी आल्यावर बापाने देव कसे उचलून नदीत सोडले, सगळं तिने सांगितलं. मधेच ती कॅमेरा विसरायची आणि प्रफुल्लला हात धुवायला पिटाळायची. ती गेल्यावर त्याने ते एकदाही लावून पाहिलं नव्हतं. छातीच होत नव्हती. डब्ब्यात आहे, एवढं त्याला पुरत होतं.

मग ते फवारणीचं साल आलं. कापूस पुरुषभर वाढला होता, आणि औषध मारणाऱ्याच्या तोंडावर सारं परतून येत होतं. जिल्ह्यात माणसं दवाखान्यांत भरती होत होती. तांड्यावरच्या बिजलीबाई आडेचा मुलगा संजय दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेला. संध्याकाळी त्याला दिसेनासं झालं, आणि त्यानंतर दवाखान्यातून तो घरी आला तो पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलाच.

तेरवी झाल्यावर बिजलीबाई प्रफुल्लच्या दारी आली. होळीला संजयने डफावर लेंगी, तांड्याचं होळीचं गाणं, म्हटली होती, तेव्हा प्रफुल्ल कॅमेरा घेऊन तिथे होता. संजयची लेक अजून रांगत होती. तिला बापाचा आवाज ठाऊक व्हावा, इतकंच बिजलीबाईचं मागणं होतं.

प्रफुल्लने लगेच डब्बा उघडला. उन्हाळ्यात एक डिस्क मेली होती. लग्नसराई आली की नवी घेऊ म्हणून त्याने ती तशीच ठेवली होती. आता दुसरीतून टिकटिक आवाज येत होता. पडद्यावर होळीचं नाव दिसत होतं, पण उघडत नव्हतं. त्याने घाईने बटण बंद केलं.

"सापडते याडी," तो म्हणाला. तांड्यावर मायला म्हणतात तसंच तो तिला म्हणायचा. "थोडं थांबा."

ती दुसऱ्या दिवशी आली. मग रोजच येऊ लागली. काही विचारायची नाही. ओट्यावर बसायची, दीपाने दिलेला चहा प्यायची आणि उठून जायची. ती येण्याच्या वेळेला प्रफुल्लला जेवण जाईना. गल्लीतली माणसं डब्बा कधी सुरू होणार म्हणून विचारायची आणि तो उद्या, उद्या म्हणायचा.

नागपूरला श्रावण नावाचा त्याचा ओळखीचा डिस्क दुरुस्त करायचा. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की ही डिस्क फार तर एकदा चालेल. एकदाच सुरू कर, सगळ्यात जरुरीचं आधी काढ, आणि मधेच लाईट जाऊ देऊ नको.

नेमकं त्याच आठवड्यात वस्तीचं ट्रान्सफॉर्मर जळालं. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत काही राम नव्हता. शेवटी प्रफुल्लने डब्बा गोधडीत गुंडाळून ऑटोत ठेवला आणि जिनिंगवर नेला. तिथले मॅनेजर नानाजी ओळखीचे. त्यांच्या पोरीच्या लग्नाची शूटिंग त्यानेच केली होती. जिनिंगला जनरेटर होता. पण बोंडअळीने कापूस खाल्ला होता, गाड्या येतच नव्हत्या. आवारात जेमतेम एक ढीग पडला होता.

"तो ढीग सरेपर्यंत मशीन चालते," नानाजींनी सांगितलं. "मंग जनरेटर बंद. मालकाचा हुकूम हाय, मले काही बोलता येत नाई."

ऑफिसची दारं-खिडक्या लावून, फटींत कापडं कोंबून प्रफुल्लने डब्बा टेबलावर मांडला. दीपा शेजारी बसली. त्याने बटण दाबलं. टिकटिक झाली, थांबली, आणि पडद्यावर नावं उमटली. शेजारी कोरी डिस्क लावलेली होती. त्याचं बोट आधी मायच्या नावावर गेलं.

दीपाने ते पाहिलं. सासूला ती आत्याबाई म्हणायची. ती हळूच म्हणाली, "आत्याबाईचं बोलणं तुमी-आमी आयुष्यभर आयकलं. त्या पोरीनं बापाचा एक शब्द आयकला नाई."

दीपा खरं बोलत होती आणि त्याला ते नको होतं. खिडकीबाहेर बाया ढिगातला कापूस पाट्यांनी मशीनकडे नेत होत्या. ढीग डोळ्यांदेखत खचत होता. त्याने बोट उचललं आणि होळीच्या नावावर नेलं.

पुढे सरकणारी ती हिरवी पट्टी दोघं श्वास धरून बघत राहिली. ती अडायची, डिस्क खरखरायची, पुन्हा सरकायची. मशीनचा धडधडाट टेबलातून हाताला लागत होता. प्रफुल्लने टेबलाचे पाय आपल्या पायांनी दाबून धरले होते. कधीतरी पट्टी भरली. होळी आली.

मग त्याने माय लावली.

पट्टी थोडी पुढे गेली आणि डिस्कने असा आवाज केला, जसं कुणी नख पत्र्यावर ओढावं. पडद्यावरची सगळी नावं एकदम नाहीशी झाली. जनरेटर अजून चालू होता, बाहेर ढीगही शिल्लक होता. प्रफुल्लने बटण पुन्हा पुन्हा दाबलं. दीपाने त्याचा हात धरला, तरी तो दाबतच होता. शेवटी नानाजींनी आत येऊन त्याला पाणी दिलं.

मेलेली डिस्क घेऊन तो नागपूरला गेला. श्रावणने ती खोलून आतली चकती दाखवली. चकचकीत पत्र्यावर गोल खरवडा पडला होता. त्यात त्याची माय होती, आणि गल्लीतली, गावोगावची कितीतरी माणसं. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना प्रफुल्लने खरं ते सांगितलं. काही रागावले, शिव्या देऊन गेले. एक म्हातारा नुसताच ओट्यावर बसून राहिला, ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

बिजलीबाई आली तेव्हा त्याने तिला होळी लावून दिली. संजय डफ बडवत पुढे आला, लाजला, मग त्याने लेंगी उचलली. बिजलीबाई पडद्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून नुसतं ऐकत होती. गाणं संपायच्या आधीच तिने हात वर केला.

"बस कर बेटा. बाकी घरी आयकतो, पोरीसंगं." मग म्हणाली, "मले माह्या जवळ दे. तुह्या डब्ब्यात ठेवू नको."

प्रफुल्लने ते मेमरी कार्डात भरून तिच्या हाती दिलं. तिने ते लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधलं. त्यानंतर त्याने कुणाचं काही घरी साठवलं नाही. शूटिंग झाली की ज्याचं त्याला देऊन टाकायचा, आणि दोन ठिकाणी ठेवा म्हणून बजावायचा. डब्ब्याचा कॅबिनेट भंगारवाल्याने नेला.

त्या दिवशी जिनिंगवर काय झालं ते पुढे बाजारात भेटल्यावर दीपाने बिजलीबाईला सांगितलं. तेव्हा ती मुद्दाम तांड्यावरून आली. प्रफुल्ल जेवायला बसला होता. ती दारातच टेकली.

"तुही याडी कशी बोले रे?" तिने विचारलं.

प्रफुल्लने तोंड उघडलं. शब्द सगळे आठवत होते. नागपूरची वाट, आजीचं पांढरं लुगडं, नदी. पण माय ते कोणत्या सुरात बोलायची ते काही केल्या येईना. तो कावराबावरा झाला.

चुलीपाशी बसलेली दीपा भाकर थापता थापता, मान न वळवता बोलली, "प्रफुल्ल्या, हात धुतले काय रे तुनं?"

प्रफुल्लचा घास हातातच राहिला. अगदी तसाच, ओढून धरलेला, शेवटी खाली उतरणारा सूर.

"अजून म्हण," तो म्हणाला.

दीपाने पुन्हा म्हटलं. पण या वेळी तो दीपाचाच आवाज होता. तिने आणखी एकदा करून पाहिलं, आणि मग भाकर तव्यावर टाकली.