वरचं बूच

आठ वर्षं हे मी तोंडातून काढलं नाही. बायकोला ठाऊक नाही. दादाला नाही, त्या दोघांना हे इथे वाचूनच कळेल. म्हणून आधी एका वाक्यात सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा मागे सरेन — दादाच्या पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलमधलं जुनं तेल मी काढलं, नवं भरलं नाही, आणि भरलं म्हणून सांगितलं.

एवढंच? — असं तुम्ही म्हणाल. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तसंच म्हणत होतो. पण एवढंच असतं तर हे लिहायला मी आज बसलो नसतो.

मी रोह्याला एका कंपनीत फिटर आहे. राहायला पेणला, जाणं-येणं रेल्वेने. पंप, गिअरबॉक्स उघडायचे, दुरुस्त करून बसवायचे, हेच आयुष्यभराचं काम. दादा माझा थोरला भाऊ. त्याची एक जुनी पिकअप होती. वर्षभर तिच्यात विटा, सिमेंट. आणि गणपती जवळ आले की मूर्ती. पेणला मूर्ती घडतात, त्या रोह्याला, माणगावला पोचवायचं काम बरीच वर्षं दादाकडे होतं. गाडीवर हसुराम. खाडीकडच्या मिठागराच्या गावातला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मूर्ती न्यायच्या असल्या की कारखानदार स्वतः सांगायचे, हसुरामलाच पाठव. खड्डा आला की तो असा हलकेच उतरवायचा, की मागे ठेवलेला पाण्याचा तांब्यासुद्धा हिंदकळू नये.

मूर्तींच्या फेरीची आमच्याकडे एक पाळणूक होती. शास्त्रात असेल-नसेल, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत मूर्ती म्हणजे माती, हे मूर्तिकारच सांगतात. पण ड्रायव्हरने मासळीला शिवायचं नाही, निघताना चाकाला नारळ दाखवायचा, गाडी अनवाणी चालवायची. हसुराम तर सबंध श्रावण पाळायचा. खाडीकाठच्या माणसाने सुकट-बोंबलाशिवाय महिना काढायचा, म्हणजे काय ते ज्याने त्याने ओळखावं. ही पाळणूक मी मुद्दाम सांगतोय. पुढे मी तिचा उपयोग केला.

त्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी दादा म्हणाला, हायवेच्या गॅरेजला जाऊन मागचं तेल बदलून आणू. मी म्हटलं, कशाला? याहून मोठे गिअरबॉक्स मी रोज उघडतो. रविवारी दारातच करून देतो. दादाने माझ्याकडे जरा बघितलं — माझ्यावर काही सोपवायचं म्हटलं की तो असाच बघायचा — आणि बरं म्हणाला.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, तोच डिफरन्शियल. आत दात्यांची चाकं, तेलात बुडालेली. गोळ्याला दोन बुचं — खालच्यातून जुनं तेल सोडायचं, वरच्यातून नवं भरायचं. आणि नियम एकच, नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात तो: आधी वरचं बूच सुटतंय का बघ, मग खालच्याला हात लाव. खालून तेल गेलं आणि वरचं सुटलंच नाही, तर भरणार कुठून?

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण दादा ओट्यावर चहा घेऊन बसला होता, आणि तेल पडताना मला ते त्याला दाखवायचं होतं. मी खालचं बूच आधी काढलं. काळं, घट्ट तेल घमेल्यात उतरलं. मग वरच्याला पाना लावला. हललं नाही. पान्यावर पाइप चढवून जोर केला, तर बुचाच्या कडाच गोल झाल्या. रॉकेल सोडलं, वाट बघितली. छिन्नी लावून ठोकलं. छिन्नी निसटली आणि उजव्या हाताच्या तीन बोटांची सालं निघाली. पाठीवर पडलेला मी, डोळ्यांत माती, आणि गाडीखालून दादाचे फक्त पाय दिसत होते.

"झालं का रे?"

"झालं," मी म्हटलं.

खालचं बूच लावलं. नव्या तेलाचा डबा, सील न फोडलेला, चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर टाकला. सोमवारी कंपनीतून दुसरा पाना आणीन, भरून टाकीन, कुणाला कळायचंही नाही. पहिली फेरी गुरुवारची होती. वेळ होता.

सोमवारी पाना मिळाला नाही. आणि गिऱ्हाइकाने घाई केली म्हणून फेरी मंगळवारीच ठरली.

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या दारात गाडी लागली. तेवीस मूर्ती, पेंढ्यात बसवलेल्या. माझी दुसरी शिफ्ट होती. दादा म्हणाला, रोह्यालाच चाललायस तर गाडीतून जा, उतरवायला हात लाव. म्हणजे मी तिथे होतो. हे मला स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं — मी तिथे उभा होतो. दादा, तेल भरायचं राहिलंय, एवढं एक वाक्य. फेरी एक दिवस लांबली असती, दादा चार माणसांत बोलला असता. बस्स. मी काय केलं? एका मूर्तीच्या हाताखाली पेंढा सारला, आणि मनाशी म्हटलं, दात्यांना जुनं तेल चिकटलेलं असतंच, रोह्यापर्यंत जाईल.

हसुरामने चाकाला नारळ दाखवला, चपला सीटखाली टाकल्या. रविवारचं काम त्याच्या कानावर गेलं होतं. गाडी सुरू करत म्हणाला, "धाकले शेठ, कंपनीवाल्यान हात लावलाय, म्हंजे गाडी आता आठ तास चालंल, नि शिफ्ट सुटली का उभी ऱ्हाईल." मी हसलो. त्याच्या बरोबरीने हसलो.

वडखळ गेलं, कासू गेलं. नागोठण्याच्या पुढे मागून आवाज सुरू झाला, बारीक, एकसुरी. हसुरामने कान दिला. मागून कायतरी बोलतंय म्हणाला, उतरून बघू का? मी म्हटलं, रस्त्याचा आवाज आहे, चल. त्याने माझं ऐकलं. फिटरचं कोण ऐकणार नाही?

रोह्याच्या अलीकडचं अष्टमी गाव दोन किलोमीटरवर राहिलं असताना मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी फरफटत रस्त्याकडेच्या चारीत गेली आणि हौदा झाडाला लागला. आम्हा दोघांना खरचटलंही नाही. शाडू फुटताना फार आवाजही करत नाही. अकरा मूर्ती गेल्या. मी खाली उतरून उभा राहिलो. हसुराम हौद्यात चढला, पेंढ्यात गुडघ्यांवर बसला आणि तुकडे जुळवायला लागला — हा हात कुणाचा, ही सोंड कुणाची. चतुर्थी आठवड्यावर आलेली. ज्यांच्या घरी ते गणपती जायचे होते त्यांची नावं पाटांवर खडूने लिहिलेली होती.

अष्टमीच्या एसटीडी बूथवरून फोन केला. दादा मोटरसायकलने आला, मागे मूर्तिकार. तोवर रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. दादाने सगळं बघितलं आणि विचारलं — हसुरामला नाही, मला — "तेल भरलं होतंस ना?"

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी इतका वेळ लांबण लावली.

मी म्हटलं, "भरलं होतं." इथे थांबलो असतो, तरी पुढचं झालं नसतं. पण दादाची नजर माझ्यावरून हलेना. मी म्हटलं, "सकाळपासून गाडीत सुकटीचा वास मात्र येत होता."

वास येत नव्हता. मला वाटलं, भास झाला, चुकून बोललो, असलं काही नाही. वास येत नव्हता, आणि मला ते बोलताना ठाऊक होतं.

सगळे हसुरामकडे वळले. तो हौद्यात उभा राहिला, हातात एक सोंड तशीच. "नाय शेठ," म्हणाला, "सरावण लागल्यापासना तोंडाला लावली नाय." पण मिठागराच्या माणसाने असं 'नाय' म्हटलं तर कोण खरं धरतो? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, देव उगाच थांबत नाय. मूर्तिकार एकटा म्हणत राहिला, अहो, अजून माती आहे ही, कशाला माणसाला बोलता. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दादाने माझ्याकडे बघायचं थांबवलं. आणि मला — हे लिहिताना हात अडतो — मला बरं वाटलं.

गाडी ओढून रोह्याच्या गॅरेजला नेली. गोळा उघडला तेव्हा मी एकटाच होतो. दाते जळून निळे पडलेले, तेलाचा पत्ता नाही. म्हाताऱ्या मेकॅनिकने वरच्या बुचावरचे छिन्नीचे ताजे घाव बघितले, मग माझ्या बोटांवरची पट्टी बघितली. "वरचं आधी उघडायचं असतं भाऊ," एवढंच म्हणाला. पुढे त्याला कुणी काही विचारलं नाही. कारण सापडलेलं होतं ना.

हसुरामला दादाने काढलं नाही. त्याची गरजच पडली नाही. कारखानदार म्हणू लागले, दुसरा कुणी असेल तर पाठव. मूर्ती गेल्या, मग हळूहळू विटा-सिमेंटवालेही कुरकुरू लागले. पुढच्या उन्हाळ्यात तो परत मिठागरावर गेला, बापाच्या जागी, खाऱ्या पाण्यात उघड्या पायांनी.

इथे संपलं असं मी धरून चाललो होतो. चार वर्षांनी माझ्या बायकोला पेणच्या बाजारात हसुरामची बायको भेटली. त्याच दुपारी मला वाढता वाढता बायकोने ते सहज सांगितलं. हसुरामला पक्कं ठाऊक होतं की आपण मासळी खाल्लेली नाही. पण धाकले शेठ म्हणाले वास आला — आणि धाकले शेठ खोटं बोलतील, हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. म्हणजे वास होताच. मग आला कुठून? तो शोधत राहिला, आणि शोधता शोधता घरातल्या तव्याशी येऊन थांबला. श्रावणाआधी त्याच तव्यावर बोंबील भाजले होते. त्या सकाळची भाकरी त्याच तव्यावरची. बायको शपथेवर सांगत होती, राखेने तीनदा घासला होता. त्याने तवा खाडीत टाकला. आजोबांपासून चालत आलेला दीड दिवसाचा गणपती घरात आणणं बंद केलं. आणि श्रावण लागला की तो तिच्या हातचं जेवेनासा झाला. वेगळी चूल मांडून स्वतःचा भात स्वतः शिजवू लागला. माझी बायको म्हणाली, ती बिचारी अजून म्हणते, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल.

मी काय म्हणालो? आमटी मागितली. आणि त्यानंतरही चार श्रावण जाऊ दिले.

यंदा श्रावण लागायच्या आदल्या आठवड्यात मी माळ्यावरून तो डबा काढला आणि त्यांच्या गावी गेलो. त्याच दिवशी का, ते सांगता येणार नाही. डबा मला दरवर्षी दिसतच होता. हसुराम अंगणात टोपलीला दोरी बांधत होता. केस पांढरे झालेत. "या धाकले शेठ," म्हणाला, आणि बसायला बाज ओढली. मी बसलो नाही. डबा त्याच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं — रविवार, वरचं बूच, सील, रस्ता, दादाचा प्रश्न.  शेवटी त्याने एकच विचारलं.

"म्हंजे वास नवता?"

"नव्हता."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. दारात त्याची बायको उभी होती, ओल्या हातांनी चौकटीला धरून. तो तिच्याकडे बघत होता, आणि तिने मान वळवून घेतली. तेव्हा मी तिच्याकडे वळलो. जाताना काय काय घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "वहिनी, तुमचा तवा स्वच्छ होता. तेल मी काढलं होतं, आणि खोटं मी बोललो. तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं."