इटलीतल्या आईचं ताट

मुलांनो, अभिजात साहित्य कशाला म्हणायचं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. व्याख्या मला पाठ आहे, पण आधी आमच्या हर्सूलच्या सोसायटीतल्या खालच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल सांगते.

दुपारी त्या सुपात तांदूळ घेऊन निवडायला माझ्याकडे येतात. मी त्यांना एका आधुनिक इटालियन लेखकाची कादंबरी इंग्रजीवरून मराठीत वाचून दाखवते. त्यातली आई परदेशी गेलेल्या मुलाचं ताट रोज मांडते. त्या ताटाचा उल्लेख आला की बाई उठतात, गॅलरीतून फाटकाकडे बघतात आणि परत येऊन बसतात. त्यांचा मुलगा दुबईत आहे.

"ते ताट म्हणजे प्रतीक आहे," मी एकदा समजावलं.

"कशाचं प्रतीक, ताई? पोराचं ताट हाय ते. तुम्हा शिकलेल्यांना सरळ काही दिसतच नाय!"

शेवटचं प्रकरण मात्र त्या वाचू देईनात. पुस्तकावर हात ठेवून म्हणायच्या, "आज नको."

काल त्या सूप न घेताच आल्या. मुलाची सुट्टी यंदाही रद्द झाली होती.

"वाचा आता," म्हणाल्या.

मी वाचलं. मुलगा येत नाही.

"मग ती ताट उचलती का?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"लई शहाणा हाय लिहिणारा." त्या गॅलरीपर्यंत जाऊन आल्या. "उद्या पुन्हा पहिल्यापासून घ्या."

व्याख्या पुढच्या फोनवर सांगेन. रविवारीच कराल ना?