नॉरिसचे बेचाळीस सेकंद

आमच्या हॅथर्सली गावात नॉरिस गॉक्रोजरची बस कधी चुकली नाही, आणि त्याच्यामुळे दुसऱ्याची चुकली तर त्याला फारसं वाईटही वाटलं नाही. चाळीस वर्षं तो बस डेपोत वेळापत्रकं लावत होता. सात बावीसची गाडी सात बावीसलाच सुटायची. धापा टाकत येणाऱ्या एखाद्या बाईसाठी ड्रायव्हर थांबला, की नॉरिस त्याला बाजूला घेऊन विचारायचा, "पुढच्या थांब्यावर सहा जण पावसात उभे आहेत. त्यांना काय सांगणार आहेस?" ड्रायव्हरकडे उत्तर नसायचं. त्या बाईकडे असायचं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

असा माणूस रग्बी लीगच्या क्लबला मिळाला नसता तरच नवल. या खेळात सामना ऐंशी मिनिटांचा, पण तो कधी संपला हे रेफरी ठरवत नाही. ते स्टँडमधल्या एका बाकावर ठरतं. तिथे दोन माणसं बसतात, एक यजमान क्लबचा, एक पाहुण्यांचा. दोघांच्या हातात एकेक घड्याळ. कुणी जखमी झाला की रेफरी हात वर करतो आणि दोन्ही घड्याळं थांबतात. हात खाली आला की सुरू. शेवटी दोन्ही काटे ऐंशीवर जुळले, की यजमानाचा माणूस भोंग्याचं बटण दाबतो. भोंगा वाजला नाही तोवर सामना चालू, मग कुणी काहीही म्हणो. आमच्या मैदानावर हे बटण एकतीस वर्षं नॉरिसच्या अंगठ्याखाली होतं.

माझी जागा त्या बाकाच्या बरोबर खालच्या ओळीत, त्यामुळे वरचं बोलणं मला इच्छा असो वा नसो ऐकू यायचं. त्यात क्लबबद्दल चांगलं असं फारसं नसायचं.

गेल्या हंगामात तर चांगलं बोलायला काही उरलंच नव्हतं. आमचा अध्यक्ष ग्लिन ब्रॉडबेंट, बागेत बसवायच्या काचेच्या खोल्या विकणारा. त्याने फेब्रुवारीत जाहीर केलं की हे 'झेप घेण्याचं वर्ष' आहे. तशी पाटीही लागली. मार्चपर्यंत सहा सामने हरून झाले. मे महिन्यात पहिला प्रशिक्षक गेला, जूनमध्ये दुसरा. तिसरा जो आला तो दर पराभवानंतर वर्तमानपत्रात एकच वाक्य सांगायचा, की आजच्या सामन्यातून मुलांना खूप शिकायला मिळालं. या हिशेबाने ऑगस्टपर्यंत आमच्या तेराही खेळाडूंना विद्यापीठात नेमणुका मिळायला हरकत नव्हती. ऑस्ट्रेलियाहून गाजावाजा करून आणलेला कर्णधार, कोल्ट मॅकिनरी, विमानातून उतरला तेव्हाच गावातल्या मासे तळणाऱ्या दुकानदाराने त्याचं पोट पाहून समाधानाने मान हलवली होती.

सव्वीस सामन्यांत चार विजय. त्यातला एक, समोरच्या सात जणांचं पोट बिघडल्यामुळे.

खेळ सुधारेना म्हणून ब्रॉडबेंटने गोलखांबांमागे मोठा चकचकीत फलक बसवला. त्यावर गुण, जाहिराती, आणि भलंमोठं घड्याळ. त्या घड्याळात एकच खोट होती. एकदा सुरू झालं की ते थांबायचं नाही. रेफरी हात वर करो, कुणाचं नाक फुटो, ते आपलं चाललेलं. नॉरिसने अध्यक्षाला याबद्दल चार पत्रं लिहिली. चौथ्याला उत्तर आलं.

"लोकांना आकडे हलताना बघायला आवडतात, नॉरिस. आमच्या संघात दुसरं काय हलतं?"

हे मात्र खरं होतं.

शेवटचा सामना शनिवारी, घरच्या मैदानावर, डोंगरापलीकडच्या रॅमशॉशी. आम्ही यॉर्कशरचे, ते लँकेशरचे, वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं; त्यांच्याकडून हरणं म्हणजे काय, हे मी समजावत बसत नाही. पण या वेळी गोष्ट नाकाच्या पुढे गेली होती. जिंकलो तर आम्ही तळातून एक पायरी वर आणि वाचलो. हरलो तर खालच्या विभागात. नव्वद वर्षांत क्लब तिथे गेला नव्हता.

गुरुवारी दुपारी ब्रॉडबेंट नॉरिसच्या भाजीच्या वाफ्यावर गेला. नॉरिसची बायको बेरिल तिथेच कांद्याच्या पाती निवडत होती, तिने मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. चकचकीत बूट चिखलात रुतू नयेत म्हणून अध्यक्ष एका फळकुटावर उभा होता.

"शनिवारी चुरस होणार, नॉरिस."

"ती व्हायला दुसऱ्या बाजूनेही खेळावं लागतं," नॉरिस खाली वाकलेलाच.

"समज, आपण दोन गुणांनी पुढे आहोत. शेवटचं मिनिट आहे. अशा वेळी घड्याळाचं काय, थोडं इकडे, थोडं तिकडे..."

"कुठे?"

"अरे बाबा, समजून घे ना! खाली गेलो तर सगळ्याच जागांचा विचार नव्याने करावा लागेल. त्या बाकाचाही."

नॉरिस उठून उभा राहिला. हातातली माती झटकली. "ग्लिन, तू माझ्या लसणावर उभा आहेस," तो म्हणाला.

शनिवारी सात हजार माणूस आला. एवढी गर्दी आमच्याकडे फक्त मरणाला येते. बाकावर नॉरिसशेजारी रॅमशॉचा डग एन्ट्विसल. हे दोघे अठरा वर्षं वर्षातून दोनदा असे बसत, एकाच घोंगडीखाली पाय घालून, एकमेकांच्या गावाला शिव्या देत.

"काय रे, तुमच्याकडे चाकाचा शोध लागला का एकदाचा?" डगने थर्मास उघडत विचारलं.

"लागला. तुम्ही चोरून नेलेलं तेच."

सामना सुरू झाला आणि चमत्कार असा की आमची मुलं खेळली. हे मी शपथेवर सांगतो. मध्यंतराला आम्ही पुढे. उत्तरार्धात रॅमशॉने गाठलं, पुन्हा आम्ही पुढे. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा वीस-अठरा, आमच्या बाजूने. तेवढ्यात आमचा एक धिप्पाड गडी स्वतःच्याच साथीदाराच्या कोपरावर नाक आपटून आडवा झाला. रेफरीने हात वर केला. वर बाकावर दोन अंगठे एकदम दाबले गेले आणि दोन्ही घड्याळं थांबली. गोलखांबांमागचं घड्याळ मात्र आपल्या वाटेने चालत राहिलं. नाकाला कापूस लावून तो उठला, हात खाली आला, खेळ सुरू झाला. मधे गेले बेचाळीस सेकंद.

मग चेंडू आमच्याकडे आला. आता काही करायचं नव्हतं. धरून ठेवायचा, पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. पडण्याचा सराव आम्हाला वर्षभर होता.

फलकावर दहा सेकंद दिसले तशी सगळी गर्दी मोजायला लागली. दहा! नऊ! आठ! मी मागे वळून पाहिलं. नॉरिस मोजत नव्हता. त्याचा चेहरा बस सुटताना धावत येणाऱ्या बाईकडे बघावं तसा झाला होता.

तीन! दोन! एक!

आणि कर्णधार कोल्ट मॅकिनरीने, ज्याला आम्ही अर्ध्या पृथ्वीवरून डोकं वापरायला आणलं होतं, चेंडू हातातून सोडून सगळ्या ताकदीनिशी स्टँडमध्ये लाथाडला, सदरा काढला आणि तो डोक्यावर फिरवत कठड्याकडे धावला.

भोंगा वाजला नाही.

सात हजार डोकी आमच्या बाजूला वळली. "दाब!" कुणीतरी ओरडलं. "नॉरिस, दाब की रे!" मग सगळेच. खालच्या खास खुर्च्यांमधून ब्रॉडबेंट उभा राहून अंगठा हवेत दाबून दाखवत होता, जणू नॉरिसला बटण कसं दाबतात ते माहीत नाही.

डगने थर्मासचं झाकण फिरवलं. "मला आता चहा ओतायचाय," तो हळूच म्हणाला. "त्याला लक्ष लागतं. एक अर्धं मिनिट मी घड्याळाकडे बघणार नाहीये."

"तुझा संघ हरेल."

"आमचं काय जातंय? आम्ही मधल्या नंबरावर आहोत. तुम्ही खाली गेलात तर पुढल्या वर्षी मी कुणाच्या नावाने बोटं मोडू? दाब, गाढवा."

नॉरिसचा अंगठा बटणावर होता. मला तो अंगठा दिसत होता आणि त्याचं नख पांढरं पडलं होतं.

"डग," तो म्हणाला, "तुझा काटा काय दाखवतो?"

डगने सुस्कारा सोडला. "एकोणऐंशी मिनिटं, अठरा सेकंद."

"माझाही तेच."

खाली रेफरीने शिट्टी वाजवली. आमच्यांना वाटलं हीच ती शेवटची, म्हणून त्यांनी आणखी जोरात मिठ्या मारल्या. नियम साधा आहे. टप्पा न घेता चेंडू थेट बाहेर लाथाडला, तर जिथून लाथाडला तिथूनच तो समोरच्यांना मिळतो. रॅमशॉच्या एका पोरसवद्या खेळाडूने तो पायाखालून मागे ढकलला, दुसऱ्याने उचलला आणि पळत सुटला. आमचे दोघे कठड्यापाशी चाहत्यांबरोबर फोटो काढत होते. एकजण गुडघ्यावर बसून देवाचे आभार मानत होता, त्याला वळसा घालून तो पुढे गेला. गोलखांबांच्या मधोमध चेंडू टेकवला तेव्हा त्याला कुणी हातही लावला नव्हता. वीस-बावीस. त्यावर मिळणारी दोन गुणांची लाथही बसली. वीस-चोवीस.

मग नॉरिसने भोंगा वाजवला. अगदी वेळेवर.

वर्षभरात तेवीस सामने हरलो, तीन प्रशिक्षक बघितले, कर्णधाराचा सदरा मोठा करून शिवावा लागला, पण गावाला गुन्हेगार सापडला तो नॉरिस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे फाशी रोज थोडी थोडी द्यायची होती. मासे तळणाऱ्या दुकानात तो रांगेत उभा राहिला की दुकानदार म्हणायचा, "नॉरिस, राजा, तुझा मासा तयार आहे, पण अजून बेचाळीस सेकंद थांब." रांग हसायची. नॉरिस खरंच थांबायचा. चर्चमध्ये पाद्रीने प्रार्थना जरा लांबवली तर मागून कुणीतरी खोकायचं. कोल्ट मॅकिनरी तोवर घरी पोचला होता, आणि तिथल्या वर्तमानपत्राला त्याने सांगितलं की इंग्लंडमध्ये त्याला खूप शिकायला मिळालं.

ऑक्टोबरात समर्थकांची सभा झाली. ब्रॉडबेंटने तिथे हंगामाचा आढावा वाचून दाखवला. त्यात 'दुर्दैव' हा शब्द अकरा वेळा आला, आणि 'वेळेच्या व्यवस्थापनातील त्रुटी' एकदा. सगळे वळून नॉरिसकडे बघायला लागले.

"बोल की रे काहीतरी!" मागून आवाज आला. "नव्वद वर्षांचा क्लब बुडवलास!"

"एक बटण, नॉरिस! एक बटण दाबायचं होतं!"

बेरिल उठायला लागली, तिला त्याने खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः उभा राहिला. बोलायला उभं राहणं हा त्याचा पिंड नव्हे.

"सत्तावीस सामने," तो म्हणाला, "प्रत्येकी ऐंशी मिनिटं. म्हणजे दोन हजार एकशे साठ मिनिटं. घरची असोत, बाहेरची असोत, सगळी तुम्हाला पुरी मिळाली, एक सेकंद कमी नाही. त्यातले शेवटचे बेचाळीस सेकंद सोडून बाकीच्यांचं तुम्ही काय केलंत, ते कुणी सांगेल का?"

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. पुढच्या रांगेतला प्रशिक्षक आपल्या बुटांकडे बघू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की या एका प्रसंगी त्याला खरंच काही शिकायला मिळालं असावं.

ब्रॉडबेंटने मात्र पुढचा मुद्दा वाचला. नव्या विभागात नवी व्यवस्था. भोंगा यापुढे त्याच्या कार्यालयातला एक गृहस्थ सांभाळेल. हात वर झाले, मोजले गेले, आणि एकतीस वर्षं दोन मिनिटांत निकालात निघाली. नॉरिसने खिशातून त्या बाकाच्या खणाची किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि बेरिलला म्हणाला, "चल, सात पन्नासची मिळेल."

फेब्रुवारीत नवा हंगाम सुरू झाला. खालच्या विभागात, अकराशे प्रेक्षकांसमोर, एका अशा गावाविरुद्ध, ज्याचं नाव आमच्यातल्या निम्म्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. नॉरिस येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला. आपल्या पैशाने तिकीट काढून माझ्या शेजारी बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एकतीस वर्षं त्याची नजर रेफरीच्या हातावर आणि घड्याळाच्या काट्यावर होती. मैदानावर बाकी काय चालतं ते बघायची त्याला सवडच मिळाली नव्हती.

आता तो बघत होता. विसाव्या मिनिटाला आमच्या एका खेळाडूने चेंडू समोरच्याच्या हातात नेऊन दिला, आणि त्याच वेळी दुसरे दोघे एकमेकांवर आदळले.

"खरं सांग," नॉरिसने माझ्याकडे न बघता विचारलं, "हे नेहमी असेच खेळायचे?"

"असेच. कधीकधी याहून वाईट."

"एकतीसही वर्षं?"

"मधली दोन बरी गेली."

समोरच्यांनी आणखी चार गुण मिळवले.

"कुणीतरी सांगायचं रे मला," तो म्हणाला. "मी विसाव्या मिनिटालाच दाबलं असतं."