४०४ चा खारा बांगडा

आधीच सांगून टाकते, वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी वाचायचे ते टिंगल करण्यासाठी. सासूबाई मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि मी मधेमधे शेरे मारायचे — पित्त झालं असेल, मांजर असेल, रात्री जास्त जेवला असेल. भुताखेतांवर माझा विश्वास आजही नाही. तरी लिहितेय, कारण मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी जे झालं ते मला कुठेच नीट बसवता येत नाही... आणि ज्या बाईला ते सांगायला हवं, ती मला दारात उभं करत नाही.

आम्ही पुण्याचे. सहा वर्षं झाली बंगळूरला येऊन, सर्जापूर रोडवर दहा मजली सोसायटीत राहतो, फ्लॅट ५०४. नवरा आयटीत, मी घरूनच भाषांतरं करते, मुलगी ईरा चौदा वर्षांची. आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातली ती अरुंद पोकळी, जिच्यात सगळ्यांचे पाइप आणि कबुतरं नांदतात आणि एकाच्या घरातली हवा दुसऱ्याच्या घरात शिरते. बरोबर खाली, ४०४ मध्ये, शांताअक्का. कारवारच्या, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. मराठी छान बोलतात, मधे मधे कन्नड पेरतात. त्यांच्या युटिलिटीची, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्याच्या जागेची, खिडकीही त्याच डक्टमध्ये. तिथल्या शेगडीवर त्या दर बुधवारी आणि शनिवारी खारा बांगडा भाजायच्या.

तो वास ज्यांना माहीत नाही ते नशीबवान. आमचे टॉवेल वास मारायचे, धुतलेले केस वास मारायचे. मी हे शांतपणे सहन करणाऱ्यांतली नाही. आधी खाली जाऊन सांगितलं. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. मग सेक्रेटरींच्या मागे लागले. अक्का म्हणाल्या, स्वल्प उशिरा भाजते, तुमच्या अंघोळी झाल्यावर. भाजायच्याही उशिरा. मला तेवढ्याने होत नव्हतं. त्यात ईरा एकदा म्हणाली, "आई, मला त्या वासाने भूक लागते." झालं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

इथल्या, बंगळूरच्या शिवाजीनगरला जाऊन मापाची अ‍ॅक्रिलिक शीट कापून आणली, खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर बसवली आणि कडेने स्वतःच्या हाताने सिलिकॉन भरलं. बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून वास घरात यायला नको म्हणून तिथेही रबरी पट्टी लावली. काम एकदम चोख. मग लिफ्टमध्ये अक्का भेटल्या तेव्हा मुद्दाम ऐकवलं, की आता भाजा हवं तेवढं, मी खिडकीच बुजवली आहे.

त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा गीझर गॅसचा ना? सगळं बुजवू नका हो. हवा लागते त्याला."

मी म्हणाले, "मला शिकवू नका."

हे वाक्य मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं. गीझर बसवणारा माणूसही हेच सांगून गेला होता. तशी सूचना गीझरवर चिकटवलेलीही आहे, लाल अक्षरांत. पण अक्कांनी सांगितलं म्हणून मी ते ऐकणार नव्हते. असा माझा स्वभाव आहे, काय करू.

पुढे दोन आठवडे वास आला नाही. मी खूश. नवऱ्याला सांगितलं, बघ, याला म्हणतात उपाय.

त्या शनिवारी तो कामासाठी चेन्नईला गेला होता. ईरा साडेदहाच्या सुमारास न्हायला गेली. तिच्या अंघोळी म्हणजे समारंभ असतो, त्यामुळे पाणी वाहत राहिलं याचं मला काही वाटलं नाही. मी हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते, बाल्कनीचं दार सताड उघडं, समोर बांधकामाची धूळ. आणि अचानक वास आला. खारा बांगडा. नेहमीसारखा नाही... नाकाशी कोणीतरी धरल्यासारखा, इतका दाट की ठसका लागला. आणि बाल्कनीतून नाही, पॅसेजमधून येत होता, बाथरूमच्या बाजूने.

माझं पित्त खवळलं. आता लाज वाटते ते सांगते — मी आधी फोन उचलला. ग्रुपवर लिहिलं, "४०४ मध्ये पुन्हा सुरू. माणुसकी नावाची काही गोष्ट आहे की नाही?" मेसेजवर वेळ आहे, दहा सत्तेचाळीस. तो पाठवून मगच मी उठले, तेही सिलिकॉन कुठे सुटलं ते बघायला. लेकीसाठी नाही.

दार वाजवलं. ईरा, बाहेर ये, मला खिडकी बघायची आहे. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. नुसता पाण्याचा आवाज. खांद्याने धक्के मारले, कडी निघाली. ती खाली पडलेली होती, भिंतीला टेकून, मान एका बाजूला. गीझर पेटलेला. आत वाफ होती, शाम्पूचा वास होता. बांगड्याचा वास अजिबात नव्हता.

तिला ओढत बाल्कनीत आणलं. अंगावर चादर टाकली, गालावर मारलं, काय काय ओरडले देव जाणे. शेजारी धावत आले. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला आणि दुपारी तिने डोळे उघडून "माझं डोकं दुखतंय" म्हटलं, तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून रडले. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? गीझरमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मी म्हणाले, माशाचा वास आला. ते लिहिता लिहिता थांबले, मग पुढे लिहायला लागले.

फोन संध्याकाळी बघितला. माझ्या मेसेजखाली अक्कांचं उत्तर होतं. "बारा दिवस झाले, मी कारवारला आहे. किल्ली गेटवर आहे. जाऊन बघा." सेक्रेटरींनी खरंच जाऊन बघितलं होतं, फोटोही टाकले होते. सिलिंडर बंद, शेगडीवर झाकण, सिंक कोरडं ठणठणीत. त्याखाली लोकांनी मला जे जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सगळं बरोबरच होतं.

नवरा म्हणतो, गॅस थोडा तुझ्याही डोक्यात गेला असेल, त्याने भास झाला. असेल. पण मी उघड्या बाल्कनीजवळ बसले होते आणि रबरी पट्टी मीच लावली होती. हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझंही रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. शिवाय कुठला साधा वास आला असता, फुलांचा, उदबत्तीचा, तर मी जागची हलले असते का? मला उठवेल असा जगात एकच वास होता.

अक्का आल्या त्या दिवशी मी खाली गेले. दार साखळी लावूनच उघडलं. मी घाबरले होते, सुरुवातच चुकली. म्हणाले, "अक्का, त्या शनिवारी तुमच्याकडे बांगडा..."

"मी नव्हते. सरी, कळलं? आणखी काय बघायचंय तुम्हाला?" एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. ईराचं त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. मी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच, न उघडलेली, माझ्या दाराखाली आली.

अ‍ॅक्रिलिक मी त्याच आठवड्यात उखडून फेकलं. गीझर विजेचा घेतला. मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, की डक्टच्या खिडक्या कोणी बंद करू नका, ज्यांनी केल्यात त्यांनी उघडा. मागून कोणीतरी हसलं. बरोबर आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर अजून माझा तो दहा सत्तेचाळीसचा मेसेज आहे. मी तो काढलेला नाही.

वास कुठून आला, मला आजही माहीत नाही. पण अक्कांनी बांगडा भाजणं बंद केलंय. दर शनिवारी ईरा न्हायला जाते, मी दाराबाहेर स्टूल टाकून बसते. खिडकी पूर्ण उघडी असते. डक्टमधून फिनाईलचा वास येतो, कबुतरांचा येतो.

ईरा आतून विचारते, "आई, आला का गं?"

मी म्हणते, "नाही अजून."