सालेकशाचा सरकता डोंगर

"गोंदियात डोंगर आहेत कुठे?" असं विचारून ज्याने कोणी आमची मुदतवाढीची फाइल परत पाठवली, त्याने सालेकशाचं जंगल रेल्वेच्या खिडकीतूनही पाहिलेलं नाही. झोप लागली असेल!

त्या जंगलात एक उतार सरकतोय आणि त्याच्या पायथ्याशी एक टोला आहे, वीसेक घरांचा. उतार पूर्वी कधी घसरला, आता किती हलतो, हे मी आणि माझा सहकारी पराग शोधत होतो. खात्रीने सांगायला अजून एक पावसाळा हवा होता. मिळाला नाही. मोजमापं अर्धवट राहिली, किस्से मात्र साचतच गेले.

*

सरकणं मोजायची साधी रीत म्हणजे पावसाआधी उतारावर एका सरळ रेषेत खुंट्या ठोकायच्या. माती सरकली की रेष वाकते. दिवाळीनंतर धापा टाकत वर गेलो, तर रेष दोरी लावल्यासारखी सरळ. पराग मटकन खाली बसला.

आमच्यासोबतचे वनमजूर दुलीचंदभाऊ मात्र खूश. "मॅडम, अख्खा पाऊस लक्ष ठेवलं. वाकड्या होऊन राहिल्या होत्या, मी हर खेपेला सीध्या केल्या."

परागने त्यांना चहा पाजला. दुसरं करणार काय?

*

जमीन घसरली की झाड कलतं आणि पुन्हा वर वळतं. त्या वाकावरून घसरण कधीची ते कळतं, म्हणून आम्ही वाकडी झाडंच शोधायचो. "यायले सीधं झाड चालत नाही," हे टोल्यात पसरलं. मग कोणीही लांबून ओरडायचं, "ओ मॅडम, इकडे पाहा, लय वाकडं आहे!"

आता काम बंद; गोंदियातल्या खोलीत नळाच्या वेळी शेजारणीची "दीदी, पानी आ गया" एवढीच हाक येते.

*

टोल्यातल्या म्हाताऱ्या सुखदेवबाबांना विचारलं, मोठी घसरण कोणत्या साली झाली?

"बुडी भांडून माहेरी गेली होती, त्याच साली."

आतून बुडीचा, म्हणजे त्यांच्या म्हातारीचा, आवाज आला, "कोणत्या खेपेला? चारदा गेली मी."

परागने पेन खिशात ठेवला.

*

टोल्यातल्या फुलवंताबाईंचं मोहाचं झाड चार पावसाळ्यांपूर्वी मातीसकट, उभंच्या उभं खाली उतरलं. तेव्हापासून थोडं थोडं येतंच आहे. यंदा मोहफुलं पडायच्या दिवसांत मला राहवेना. कुणी पाठवलं नव्हतं, तरी सुट्टी काढून एकटीच गेले.

बाई झाडाखाली बसून फुलं वेचत होत्या. मीही वेचू लागले. मग एकदाचं बोलले, "मावशी, झाड एकटं नाही सरकत, अख्खा उतार त्याच्यासोबत येतोय. खाली सरळ तुमचंच घर आहे. पावसाचे दिवस तरी लेकीकडे, इथे जवळच गोरेगावला राहा."

त्यांनी टोपली कमरेवर घेतली. खाली घराकडे पाहिलं, मग वर झाडाकडे.

"कायले जाऊ, बाई? गुडघ्यानं आता माह्यानं चढणं होत नाही. तेच घराकडं येऊन राहिलं."