मामंजींच्या लाकडांतला किडा

लग्न होऊन मी पुण्यातून मुळशीत आले ते छप्पन की सत्तावन साली, आता नक्की आठवत नाही. पावसाळ्यात सुकं लाकूड मिळायचं नाही, म्हणून उन्हाळ्यातच घरोघरी सरपण भरून ठेवत. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर मात्र आंब्याच्या ओंडक्यांची वेगळी रास होती, तिला कुणी हात लावत नसे. ती माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, स्वतःच्या सरणासाठी राखली होती. भर पावसात आपण गेलो तर ओल्या लाकडांपायी लोकांचे हाल नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं. दम्याने ते पार थकले होते.

चैत्रात एका सकाळी गोठा झाडताना गाईच्या पाठीवर पिवळट भुगा दिसला. कान दिला तर वरून कुरकुर ऐकू आली. तुमचं सरण किडलं, हे सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि गप्प राहावं तर किडा वाशांत शिरायचा. सासूबाईंना विचारलं, तर त्या भुगा झाडत म्हणाल्या, "मला काय बी दिसलं न्हाई." म्हणजे झालंच!

शेवटी मीच मामंजींना सांगितलं. त्यांनी एक ओंडका खाली आणवला, साल उचकटली. आत पांढरी गुबगुबीत अळी.

"साल काढायची ऱ्हायली, सालीखालीच किडा धरतो. तवा छातीत दम न्हवता," ते शांतपणे म्हणाले.

चुलीत घालू का, असं मी विचारलं मात्र, सासूबाई कडाडल्या, "जित्या मानसाचं सरण चुलीत? त्याच्यावर भाकरी भाजू व्हय मी?"

ओंडके ओढ्यापलीकडे टाकून दिले. मग मामंजी मला म्हणाले, "पोरी, त्याला सांग, नवी आन म्हनावं. मला कुऱ्हाड उचलत न्हाई."

मी ह्यांना सांगितलं. हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जित्या बापाचं सरण तोडून आण, असं नवऱ्याला सांगणारी मी कोण? पण सासऱ्यांचा शब्द तरी कसा मोडायचा? माझं काय चुकलं ते आजही कळत नाही.

दोन दिवसांनी ह्यांनी आंब्याचे ओंडके तोडून आणले. मामंजी ओट्यावर बसून खुशीत सांगत होते, "समदी साल काढ. लई बेस लाकूड हाय." हे त्यांच्याकडे पाठ करून साल काढत होते आणि कोपराने डोळे पुसत होते. मी चहाचे पेले घेऊन मध्येच उभी. आधी कुणापुढे धरावा, तेच मला कळेना.